हमीदाची दुसरी रेघ

दुबईत रास अल खोरच्या ज्या दुकानात मी काम करते, तिथे सगळ्यात मागच्या फळीवर बर्फातल्या मासेमारीचा एक संच पडून आहे. खोक्यावर चित्र आहे. जाड कोट घातलेला एक माणूस गोठलेल्या तळ्यावर स्टूल टाकून बसलाय, बर्फाला पाडलेल्या भोकात त्यानं एक दांडा सोडलाय आणि पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर त्याला खालचे मासे दिसताहेत. कुणीतरी ऑर्डर देताना चुकीचा कोड टाकला होता. परत पाठवायचा खर्च मोठा, म्हणून तो संच राहिला. उन्हाळ्यात गिऱ्हाईकं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात यूनुस चाचा बस बदलत फुजैराहून आले आणि बाकी सगळा माल सोडून त्या खोक्यापाशी थांबले.

"काय गो बाय, हा माणूस बसलाय का मेलाय?"

"बसलाय, चाचा. मासे पकडतोय."

"बरंय. मासा मेला तरी बर्फ विकत आणायला नको."

यूनुस चाचा माझ्या अब्बांचे धाकटे भाऊ. दोघं रत्नागिरीकडच्या एका बंदरगावातून आले आणि फुजैरात एकाच अरबी घराच्या बोटीवर राहिले. अब्बा बावीस वर्षं, चाचा एकतीस. आम्ही दुबईतच अल कुसैसला राहायचो, अब्बा गुरुवारी रात्री यायचे आणि घराला शुक्रवारभर मासळीचा वास असायचा. चार वर्षांपूर्वी अब्बा हार्ट अटॅकने गेले. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पाण्यातल्या ध्वनीवर केला, आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना वाटतं की मला माशांतलं कळतं. मला फक्त प्रतिध्वनीतलं कळतं.

"हमीदा शोधायचीय," चाचा म्हणाले.

हमीदा माझ्या आजीचं नाव. पण चाचा जिच्याबद्दल बोलत होते ती समुद्राच्या तळाशी आहे. २००७च्या वादळात बोट-मालकाची एक जुनी लाकडी होडी फुटली. अब्बा आणि चाचांनी तिच्यात सिमेंटचे ठोकळे भरले, किनाऱ्यापासून लांब नेलं आणि बुडवलं. वाळूच्या सपाट तळावर अशी एक आडोशाची जागा मिळाली की दोन-तीन वर्षांत मासा येऊन राहतो. तसा तो आला. हमूर, शेरी, कधीकधी मोठा कोबिया. दोघांनी जागेला आईचं नाव दिलं, म्हणजे वायरलेसवर बोलताना बाकीच्या बोटींना काही कळू नये. "हमीदाकडे जाऊन येतो," असं अब्बा म्हणायचे. मालकाला बरीच वर्षं वाटत होतं की या दोघांची हमीदा नावाची कुणी बाई शेजारच्या कल्बा गावात राहते.

आता तो मालक थकला होता आणि कारभार त्याच्या मुलाकडे, हम्मादकडे, आला होता. हम्माद बंदराच्या ऑफिसात नोकरी करतो. त्याला मासेमारीत रस नाही, आणि गेली दोन वर्षं बोट डिझेलपुरतीही मासळी आणत नव्हती. त्यानं चाचांना समोर बसवून, चहा देऊन, नीट सांगितलं होतं: ईदपर्यंत बघू, नाहीतर बोट विकू. बोट गेली की चाचांचा व्हिसा गेला. चाचा अठ्ठावन्न वर्षांचे. या वयात नवीन व्हिसा कोण काढतो?

"हमीदा सापडली तर राहीन," ते म्हणाले. "नाही सापडली तर खलास."

"पण जागा तुम्हाला माहीत आहे ना?"

"अर्धी."

मला वाटलं ते गंमत करताहेत.

त्यांनी काउंटरवरचा कॅल्क्युलेटर उचलून मध्ये ठेवला. "ही बोट. मी सुकाणूवर. तोंड समुद्राकडं, पण मी बघतो मागं, जमिनीकडं. मशिदीचा मनोरा आणि त्याच्या मागं डोंगरातली खाच. मनोरा बरोबर खाचेत बसला पाहिजे. तो तसा बसवून ठेवायचा आणि सरळ बाहेर जायचं. ही माझी रेघ."

"मग थांबायचं कुठे?"

"तुझा बाप सांगायचा, उझैर. तो पुढं नाळेवर, बोटीच्या टोकाला उभा. उत्तरेला बघायचा. त्याचं काहीतरी होतं तिकडं, एक वस्तू दुसरीला लागायची. लागली की म्हणायचा 'बस'. मी नांगर टाकायचो."

"काय काय लागायचं?"

चाचांनी कॅल्क्युलेटर परत जागेवर सरकवला. "बारा-तेरा वर्षं गेलो असू तिथं. मी एकदा पण वळून बघितलं नाही गो. माझी नजर मागं. मनोरा सुटला तर सगळंच सुटतं. आणि तो होता ना पुढं."

मी विचारलं की जीपीएसमध्ये का नाही टाकलं, आणि विचारतानाच उत्तर मला ठाऊक होतं. हमीदाच्या आधीची त्यांची एक जागा जीपीएसमध्ये होती. यंत्र दुरुस्तीला गेलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या जागेवर तीन बोटी उभ्या. मी दुकानात काम करते. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातल्या खुणा कोण बघतं, हे मला विचारू नका.

"तुला दाखवलं असेल त्यानं," चाचा म्हणाले. "तू आलेलीस की बोटीवर. बारा वर्षांची होतीस."

मी आले होते. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की मला मळमळत होतं आणि मी सगळा वेळ बोटीच्या फळीकडे बघत होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं की एका जागी नजर ठेवली की उलटी होत नाही. अब्बांनी मला जवळ उभं करून काहीतरी दाखवलं होतं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. ते काय म्हणाले, मला आठवत नाही.

नीरव, म्हणजे आमचा मॅनेजर, पुण्याचा, तोपर्यंत शेजारी येऊन उभा राहिला होता. "काका, लाइव्ह सोनार बघा. हा टॉप मॉडेल. अकरा हजार दिरहम, म्हणजे आपले अडीच लाखांच्या वर. पण चित्र असं की माशाचं लग्न झालंय का ते पण कळतं."

"तुझं झालंय?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मग माशाचं सोड."

मी चाचांना समजावून सांगितलं. साधं यंत्र बोटीखालून नुकतंच जे गेलं त्याचं चित्र दाखवतं. पडद्यावर जे सरकत जातं ते सगळं होऊन गेलेलं असतं. लाइव्ह सोनार पंख्यासारखा ध्वनी फेकतं आणि समोर आत्ता काय आहे ते दाखवतं. मासा वळला तर पडद्यावर वळतो.

"आणि मासा नसला तर?"

"तर तेही आत्ताचंच दिसतं."

चाचा हसले नाहीत.

टॉप मॉडेल चालणार नव्हतं. त्याचं सोनार बसवायला नाळेवर एक छोटी विजेची मोटर लागते, जी तळ्यातल्या चकचकीत बोटींना असते. चाचांच्या बोटीची नाळ उंच, लाटेत तीन-चार फूट वरखाली होणारी. सोनार निम्मा वेळ हवेत राहिलं असतं. शिवाय जाहिरातीतले सगळे व्हिडिओ गोड्या पाण्यातले. या वारंवारितेचा ध्वनी समुद्राच्या पाण्यात जवळपास दुप्पट शोषला जातो. डब्यावर साठ मीटर लिहिलेलं असलं तरी मला पन्नासच्या पुढे विश्वास नव्हता.

मग मी फळीवरच्या खोक्याकडे बघितलं. बर्फाच्या संचाला मोटर लागत नाही. एक लांब दांडा असतो. तो भोकातून खाली सोडायचा, वरच्या मुठीने हाताने गोल फिरवायचा, आणि आजूबाजूचा सगळा तळ एकेक फाक करून बघायचा. बॅटरी पिशवीतच. बोट थांबवली, दांडा बाजूने दोन मीटर पाण्यात सोडला, फिरवला. चाचांच्या बोटीला याहून योग्य काही नव्हतं.

"हाच घेऊन जा," मी म्हटलं.

नीरवनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "असंही कोण घेणार आहे. डेमो म्हणून ने. ईदच्या आधी परत. आणि मीठ लागलं तर गोड्या पाण्याने धुवायचं, फिझा, नाहीतर तुझ्या पगारातून."

चाचांनी खोक्यावरच्या माणसाच्या खांद्यावर थोपटलं. "चल रे बाबा, ऊन दाखवतो तुला."

पुढचे पाच दिवस मी आकडे केले. अब्बांच्या जुन्या फोनमध्ये त्या दिवसाचा एक फोटो सापडला. मी केशरी लाइफ जॅकेटमध्ये, हातात शेरी, तोंड वाकडं. चाचांनी फोटो बघून सांगितलं की हा हमीदावरच काढलाय, कारण त्या दिवशी शेरी फक्त तिथेच मिळाली होती. फोटोत ठिकाणाची नोंद नव्हती. पण मागे उत्तर दिशा होती. माझ्या उजव्या कानापाशी समुद्रात शिरणारी जमीन दिसत होती. तिचं टोक आणि त्याला जे काही लागत होतं ते, माझ्या डोक्याआड होतं.

मी फोटो मोठा करून बघितला. केसांच्या कडेला काही पांढरं, एखादं घर किंवा टाकी, आहे का ते बघितलं. काही नव्हतं. मग डोक्याची रुंदी आणि फोटो काढणाऱ्या अब्बांपासूनचं दीड मीटर अंतर धरून हिशेब केला. माझं डोकं सुमारे सहा अंश झाकत होतं. ते टोक तिथून नऊ किलोमीटर, आणि नऊ किलोमीटरवर सहा अंश म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर जमीन. एवढी जमीन मी झाकून उभी होते.

दुसरा धागा खोलीचा. नांगराचा दोर हमीदावर बावीस वाव लागायचा, असं चाचा म्हणाले. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी. मी त्यांचे हात मोजले. खोली चाळीस मीटरच्या आसपास आली. नकाशावर चाचांच्या रेघेवर चाळीसच्या अलीकडे-पलीकडे बाराशे मीटरचा पट्टा मिळाला. दांड्यावरच्या सोनारला तळावर तीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ दिसणार. दर पन्नास मीटरवर थांबायचं. रेघेवर एक रांग, चूक धरून दोन्ही बाजूंना एकेक. बहात्तर थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं. सहा तास.

"म्हणजे एका दिवसात?" चाचांनी फोनवर विचारलं.

"एका दिवसात, तुमची रेघ बरोबर असेल तर."

"माझी रेघ," चाचा म्हणाले, "बोटीच्या रुंदीएवढी पण चुकत नाही."

शनिवारी पहाटे सहरीचं खाऊन आम्ही निघालो. बोटीवर मालकाच्या घरचं माणूस लागतं, म्हणून हम्माद आला होता, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर काळं जॅकेट घालून. मागे बसून तो फोनवर काम करत होता. पडद्यावर पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा तोही उठून आला. यंत्रात पाणी 'गोडं' आणि 'बर्फाखाली' असं लावलेलं होतं. मी 'खारं' केलं. नाहीतर ध्वनीचा वेग चुकला असता आणि प्रत्येक अंतर नऊ टक्क्यांनी.

चाचा सुकाणूवर, मान मागे वळवलेली. मी पुढे, अब्बांच्या जागी. फक्त मला कुठे बघायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी पडद्याकडे बघत होते.

पहिल्या रांगेत वाळू. वाळूवरच्या लहान लाटा पडद्यावर इतक्या स्पष्ट होत्या की मोजता आल्या असत्या. एकविसाव्या थांब्यावर काहीतरी गोल दिसलं. चाचा इंजिन सोडून धावत आले. तो गरगूर होता, माशांचा तारेचा सापळा, कधीतरी कुणाचा दोर तुटून राहिलेला.

"आत काय आहे?"

"काही हलत नाही."

दुसरी रांग. तिसरी. दर थांब्यावर चाचा मुठीकडे बघायचे, मग माझ्या तोंडाकडे. पन्नासाव्या थांब्यानंतर ते बघेनासे झाले. ओठ सुकले होते. रोजा होता, समोर एवढं पाणी, आणि सावली नाही. हम्माद दोनदा म्हणाला, "चाचा, उधर बैठो, गर्मी मजबूत." चाचांनी ऐकलं नाही.

बहात्तराव्या थांब्यावर मी दांडा दोनदा फिरवला. मग वर घेतला.

बोट लावून गाडीने परत येताना असरची, दुपारनंतरची नमाज वाटेतच करू असं चाचा म्हणाले, आणि आम्ही ज्या मशिदीचा मनोरा दिवसभर पाठीशी ठेवला होता तिथेच गेलो. चाचा इतक्या वर्षांत तिथे कधी गेले नव्हते. त्यांची नमाज बंदराच्या मशिदीत. बायकांच्या बाजूच्या दारात मी चपला काढत होते. तिथे एक पठाण म्हातारा अंगण झाडत होता. मी सहज विचारलं, मशीद किती जुनी आहे.

"ये तो नयी है, बेटी. तीन साल. पुरानी उधर थी." त्यानं झाडूनं पार्किंगकडे दाखवलं. "जब तक नयी नहीं बनी, तोड़ा नहीं."

मी नमाजेला आत गेले नाही. पार्किंगमध्ये गेले. म्हातारा बरोबर आला आणि जुन्या मनोऱ्याची जागा दाखवली. तिथे डांबराचा रंग थोडा वेगळा होता. मी नव्या मनोऱ्यापर्यंत पावलं मोजली. साठ. माझं पाऊल सत्तर सेंटीमीटर. बेचाळीस मीटर, दक्षिणेला.

खाचेपासून मनोरा सहा किलोमीटर, मनोऱ्यापासून हमीदा नऊ. मनोरा बेचाळीस मीटर सरकला तर समुद्रातली रेघ अडीच पट सरकते. एकशे पाच मीटर. आमच्या तीन रांगा दोन्ही बाजूंना ऐंशी मीटरपर्यंतच पोचत होत्या. हमीदा आमच्या वर्तुळाच्या कडेपासून पंचवीस मीटरवर राहिली होती, दिवसभर.

चाचा बाहेर आले तेव्हा मी त्यांना पार्किंगमध्येच गाडीच्या धुळीवर बोटाने आकृती काढून दाखवली. त्यांना गणित नको होतं. ते एकदा डांबराकडे बघायचे आणि एकदा मनोऱ्याकडे.

"मला माहीत होतं नवी बांधली ते," ते म्हणाले. "मला वाटलं, त्याच जागी बांधली असेल. मशीद कुठं हलते?"

"आता सापडेल, चाचा."

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला तो शब्द खराच वाटला.

दुसऱ्यांदा जायला आठ दिवस गेले. वारा होता, मग हम्मादला सुट्टी नव्हती. ईदला चार दिवस उरले होते. नीरवचे मेसेज येत होते: 'बर्फवाला माणूस घरी कधी येतोय?' मी उत्तरात इन्शाल्ला लिहीत होते.

या वेळी चाचांनी मनोरा खाचेत बसवला नाही. मी फोनवर आकडे बघून सांगत होते, आणि ते मनोरा खाचेच्या डाव्या कडेला, जरासा बाहेर, धरून चालवत होते. त्यांना ते जमत नव्हतं. हात आपोआप जुन्या जागी जायचा आणि ते शिवी घालून परत फिरवायचे.

"डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटतंय गो."

"थोडं अजून उत्तरेला."

आठव्या थांब्यावर दांडा फिरवताना तळ खाली गेला. सपाट वाळूत एक खड्डा, आणि त्याच्या दोन्ही कडांना वाळू उचललेली. मी मूठ फिरवली तशी तो खड्डा लांबत गेला. तो चर होता. तीन-साडेतीन मीटर रुंद, अगदी सरळ, आमच्या वर्तुळाच्या एका कडेतून येऊन दुसऱ्या कडेतून जाणारा. मी असे चर पुस्तकात पाहिले होते. मोठ्या जहाजाचा नांगर वाऱ्यात घसरला की तळाला असा ओरखडा पडतो.

पूर्वेला नेहमीसारखी जहाजं उभी होती, तेल घ्यायला थांबलेली. मी मोजली, एकोणीस. यातलं कुठलं, की वर्षांपूर्वी निघून गेलेलं कुठलं, सांगायला काही मार्ग नव्हता.

पुढच्या थांब्यावर चराच्या आत ठोकळे दिसले. चौकोनी, एकसारखे, पसरलेले. मी मोजायला लागले आणि तेवीसला थांबले. एका बाजूला लांब, किंचित वाकलेलं काहीतरी होतं, अर्धं वाळूत. होडीचा कणा असू शकतो. त्याच्यावर जाळ्याचा एक तुकडा अडकला होता. जाळं प्रवाहात हळूहळू हलत होतं. बाकी काही हलत नव्हतं. मी दोन मिनिटं थांबले, मग पाच. पडदा असा असतो की एक बोटभर मासा वळला तरी दिसतो.

चाचांनी इंजिन बंद केलं होतं. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, सांगावं की ही ती नाही, अजून पंधरा थांबे बाकी आहेत. मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना पडदा वाचता येत नव्हता.

पण ठोकळे ठोकळ्यांसारखेच दिसतात.

"किती भरले होते तुम्ही?" मी विचारलं.

"चाळीस. मी आणि उझैरनं वाहिले. मालकाच्या भिंतीचे उरलेले." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा आडवा पडलाय तो बघ. याला एक कान तुटलेला होता." असं काही पडद्यावर दिसत नव्हतं. मी हो म्हटलं.

"मासा?"

"नाही."

"एक पण?"

"एक पण नाही, चाचा."

हम्माद वाकून बघत होता. त्यानं ठोकळे बघितले, चर बघितला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "हमीदा माफी?" माफी म्हणजे नाही, संपलं. चाचांनी मान हलवली. हम्माद मागे जाऊन बसला आणि त्यानं फोन खिशात ठेवला. तो काही वाईट माणूस नाही.

मग चाचा वळले. इथे येऊन इतकी वर्षं ज्या बाजूला त्यांनी बघितलं नव्हतं, त्या बाजूला, उत्तरेला तोंड करून उभे राहिले. मीही बघितलं. जमिनीचं टोक समुद्रात शिरत होतं. त्याच्या अगदी टोकाला, मागच्या धुक्यातून, दूरच्या दुसऱ्या डोंगराचा एक सुळका येऊन टेकला होता, जसा बशीला कप टेकतो. बोट लाटेवर थोडी सरकली की फट पडायची, परत आली की टेकायचा.

"हे होय," चाचा म्हणाले. "एवढंच होतं काय."

लहान मुलाच्या नजरेतूनही सुटणार नाही असं होतं ते. बारा वर्षांच्या मुलीला डोकं धरून दाखवलं असेल, तर हेच. आणि ते कुणाला हलवता येण्यासारखं नव्हतं. कुणी डोंगर पाडून पार्किंग करत नाही. अब्बांची रेघ अजून जशीच्या तशी होती.

"बस म्हण," चाचा म्हणाले.

"काय?"

"ते लागलं की बस म्हण. तुझा बाप म्हणायचा तसं."

मी उत्तरेकडे बघत राहिले. फट मिटली. "बस," मी म्हटलं.

त्यांनी नांगर टाकला. दोर सरसर गेला, वीस वाव, एकवीस, बावीस, आणि ढिला पडला. पूर्वी इथे नांगर होडीच्या लाकडात अडकायचा आणि बोट खुंटीला बांधल्यासारखी उभी राहायची. आता दोर ताणला, थरथरला, परत ढिला पडला. खाली वाळू होती. नांगर घसरत होता. सुळका टोकापासून सुटला, आधी बोटभर, मग हातभर. आम्ही तिघं बघत होतो.

चाचांनी दोर ओढायला घेतला. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू ते यंत्र पूस. पुणेवाला पगार कापेल."

मी दांडा वर घेतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि पिशवीत ठेवला. यंत्रात जागेची खूण करायचं बटण असतं. मी ते दाबलं नाही.

परत जाताना मनोरा आणि खाच समोर असतात. मान वळवावी लागत नाही. चाचा सुकाणूला टेकून बसले होते आणि बोट जाईल तशी जाऊ देत होते. मनोरा खाचेच्या उजवीकडे गेला, मग डावीकडे. त्यांनी तो बसवला नाही.

"विमानात किती किलो नेऊ देतात गो आता?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"और हाथ में सात," किलो आणि तीस ऐकून हम्माद मागून म्हणाला.